टोकाची सावली

मोकळ्या जागेत खांब उभा राहिला, त्याच संध्याकाळी कॉलनीतून पहिला प्रश्न आला. खांब किती उंच आहे, कशाचा आहे, कशासाठी आहे, हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की यावर झेंडा कुठला चढणार?

प्रश्न खांब उभा करणाऱ्या माझ्या बायकोला विचारला गेला नाही. तो मला विचारला गेला, तोही गेटापाशी, स्कूटर बंद करायच्या आत. विचारणारे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. मूळचे मोडनिंबकडचे, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. कॉलनी त्यांना अण्णा म्हणते.

"साहेब, तुमी पेपरवाले. तुमाला काय सांगायचं," ते म्हणाले. "आज मोकळा खांब हाय. उद्या त्यावर काय येतंय, कुणी बघितलंय?"

"सावली पाडायला आहे तो, अण्णा."

"सावली खाली पडती. मी वरचं विचारतोय."

मी स्कूटर आत घेतली. ते गेटाला हात लावून उभे राहिले आणि मी कुलूप लावेपर्यंत तिथून हलले नाहीत.

जुळे सोलापुरातली आमची कॉलनी नोकरदारांची आहे. बँक, शाळा, महापालिका, कारखाने. आम्ही बौद्ध. प्लॉट घेतला तेव्हा शेजाऱ्यांनी आधी आडनाव विचारलं, ते कळल्यावर गाव विचारलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं काहीच विचारलं नाही. दिवाळीत फराळाची ताटं आमच्याकडे येत. आमच्याकडून गेलेले डबे धुऊन, रिकामे परत येत. त्यातलं खाल्लं गेलं की नाही, हे विचारायची पद्धत नव्हती.

बायको महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने सावलीचा दिवस सुरू केला. वर्षातून दोनदा सोलापुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलै संपता संपता. दुसरा दिवस बहुतेक वेळा ढगात जातो, म्हणून तिने मे धरला. मेमध्ये सोलापुरात दुपारी कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पहिल्या वर्षी आमच्या गच्चीवर शेजारची चार मुलं आली होती. नंतर त्यांच्या आया आल्या, मग आज्या आल्या, आणि गच्ची पुरेना म्हणून कार्यक्रम कॉलनीच्या मोकळ्या जागेत गेला. तिथे सोसायटीने हळदीकुंकू आणि वाढदिवसांसाठी शहाबादी फरशी घातलेली होती.

नियम एकच होता. प्रत्येकाने घरातली एक उभी राहणारी वस्तू आणायची. स्टीलचे ग्लास यायचे, वरवंटा यायचा, शेवेचा सोऱ्या, लोणच्याची बरणी, दाढीच्या फोमचा डबा. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतून कॉलनीत राहायला आलेलं एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. त्यांच्या घरातल्या सुनेने मागावरची सुताची कांडी आणली होती आणि भोवती ठिपक्यांचा मुग्गू, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, काढला होता. मुलं जुन्या चादरीवर चाळणी धरून खाली पडलेले उन्हाचे ठिपके खडूने रंगवायची. कडुनिंबाखाली जमिनीवर उन्हाचे गोल पडतात ते पानांच्या फटींमधून आलेले सूर्याचेच फोटो आहेत, असं बायको सांगायची. एका आजींनी ते ऐकून त्या गोलांवरचा पाय मागे घेतला होता. सावली बुडाखाली गेली की सगळे एकदम ओरडायचे. मग कैरीचं पन्हं.

तोवर कोणाची हरकत नव्हती. गच्ची आमची होती, ग्लास ज्याचे त्याचे होते. हरकत खांबापासून सुरू झाली.

खांब म्हणजे बोअरच्या उरलेल्या पाइपचा दहा फुटी तुकडा. त्याच्या टोकाला लिंबाएवढा लोखंडी गोळा वेल्डिंग करून घेतला होता. गवंड्याने दोन बाजूंनी ओळंबा लावून तो सरळ केला आणि बुडाशी काँक्रीट भरलं. बायकोची कल्पना अशी होती की वर्षभर दर रविवारी, घड्याळात ठरलेल्या एकाच वेळी, त्या गोळ्याची सावली फरशीवर जिथे पडेल तिथे खूण करायची. रविवारी ढग असले तर सोमवारी, सोमवारी असले तर मंगळवारी. सावली थंडीत लांब जाते, उन्हाळ्यात जवळ येते, आणि येता-जाता थोडी डावी-उजवीकडे सरकते. सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही, म्हणून. वर्ष पूर्ण झालं की सगळ्या खुणा मिळून आठचा आकडा होतो. हे तिने मुलांना सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "मराठी आठ की इंग्लिश आठ?"

"इंग्लिश," ती म्हणाली. "सूर्य इंग्लिश मीडियमचा आहे."

खूण म्हणजे नुसता ठिपका नव्हे. ज्या घराची पाळी त्या घराने ऑइल पेंटने आपलं चिन्ह काढायचं. पहिलं चिन्ह आमचं होतं, खांबाच्या अगदी बुडाशी, कारण त्या दिवशी सावली तिथेच होती. आम्ही पुस्तक काढलं. पुढे विणकरांच्या सुनेने कांडी काढली, कोणी मासा काढला, कोणी मोबाइल, कोणी शेंग. डिसेंबरमध्ये सावली सगळ्यात लांब गेली, तिथे अध्यक्षांच्या पत्नीने ज्वारीचं कणीस काढलं. दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. कॉलनी त्यांना वहिनी म्हणते. कणीस काढताना त्या बायकोला म्हणाल्या होत्या, "लगीन झाल्यापास्नं ब्रश हातात धरला न्हवता बघा, मॅडम."

त्या आठवड्यात अध्यक्ष गावाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी फरशीवरचं कणीस पाहिलं. नंतरच्या रविवारी वहिनी आल्या नाहीत.

महिनाभरात कणसाचे दाणे कोणीतरी खरवडले. पानाच्या टोकाचा थोडा हिरवा रंग राहिला.

जानेवारीत ग्रामदैवताची, उंच काठ्यांच्या मिरवणुकीची यात्रा झाल्यावर सोसायटीची सभा झाली. सभेचा विषय पाण्याच्या टाकीची गळती हा होता. टाकीवर दहा मिनिटं बोलणं झालं, मग बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद उठले. ते कॉलनीतले सर्वांत मृदू बोलणारे गृहस्थ होते.

"मॅडम, आमचा तुमच्या विज्ञानाला बिलकूल विरोध नाही. मुलांसाठी चांगलंच आहे. फक्त एप्रिलच्या आधी तो खांब काढला तर सगळ्यांनाच बरं पडेल."

"एप्रिलमध्ये काय आहे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे... आपल्याला माहीतच आहे."

"मला नाही माहीत. सांगा."

ते खाली बसले. पंखा फिरत होता. एप्रिलमध्ये जयंती असते आणि जयंतीला निळे झेंडे लागतात, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ते उच्चारायची प्रत्येकाला लाज वाटत होती. ही लाज चांगुलपणाची आहे असा माझा काही वर्षं समज होता.

शेवटी अध्यक्ष बोलले. "मॅडम, स्पष्टच बोलतो. खांबाला परवानगी मी दिली, हे खरं हाय. पण मी 'उभा करा' म्हटलं होतं. 'रोवा' म्हटलं न्हवतं."

"उभा करायचा म्हणजे हातात धरून?"

"यात्रेत माणसं काठी धरतातच की. केवढी उंच असती. तुमी तर खड्डा काढून सिमेंट घातलं. रोवलेलं निघत नसतंय, मॅडम. आज खांब, उद्या कट्टा, परवा आणि काय. आमी बघितलंय लई ठिकाणी."

"काय बघितलंय?"

"तुमी लई प्रश्न विचारताय."

"तीस वर्षं पगार त्याचाच घेतला, अण्णा. मेपर्यंत थांबा. वर्ष भरलं की मी स्वतः गवंडी आणून खांब काढते."

"मे एप्रिलच्या नंतर येतो," बँकवाले गृहस्थ हळूच म्हणाले.

ठराव मंजूर झाला. मार्चअखेर खांब काढायचा. विणकरांच्या सुनेने हात वर केला नाही, पण तिच्या सासऱ्यांनी केला. टाकीची गळती पुढच्या सभेवर गेली.

त्या रात्री जेवताना बायको मला म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"मी बोललो असतो तर ते आपल्या दोघांचं झालं असतं. आत्ता ते खांबाचं आहे."

"अहो, ते खांबाचं कधीच नव्हतं," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. वाढलेली भाकरी तशीच राहिली.

मार्च संपायला आला. खांब काढायला कोण येणार यावर कॉलनीत कुजबुज होती. कोणालाच स्वतः हात लावायचा नव्हता. फरशीवरचा मोठा फुगवटा जवळजवळ पूर्ण होत आला होता. सावली परत खांबाकडे यायला लागली होती. उरले होते ते थोडे रविवार, आठची कंबर ओलांडून बुडापर्यंत पोचणारे. बायको दर रविवारी डोक्यावर पदर घेऊन, एका हातात ब्रश आणि एका हातात घड्याळ घेऊन तिथे बसायची. पाळी ज्यांची असायची त्यातली निम्मी घरं आता येत नव्हती. त्यांच्या जागी ती स्वतः एक साधा ठिपका काढून ठेवायची आणि म्हणायची, येतील तेव्हा त्यावर काढतील.

पाडव्याला शोभायात्रा झाली. ती संपल्यावर कॉलनीतल्या तरुणांनी उरलेला एक भगवा झेंडा काठीसकट खांबाच्या टोकाला बांधला. हे अध्यक्षांच्या सांगण्यावरून झालं की नाही, ते मला माहीत नाही. त्यांनी नाही म्हटलं. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं लिहितो आहे.

याचा परिणाम काय होईल, हे बांधणाऱ्यांनी बहुधा पाहिलंच नव्हतं. खांब काढायचा ठराव त्याच संध्याकाळी निकामी झाला. आपल्याकडे खांब काढता येतो, झेंडा काढता येत नाही. जे लोक खांब पाडायला आठवडाभर गवंडी शोधत होते, तेच आता खांबाभोवती पाणी मारून जागा स्वच्छ ठेवू लागले. खांब वाचला. पण गोळ्याभोवती सुतळीचे वेढे बसले होते आणि वर कापड फडफडत होतं. फरशीवर गोळ्याच्या जागी एक मोठी हलती सावली पडत होती. त्यात टोक कुठे आहे हे कोणालाच सांगता आलं नसतं.

बायको अध्यक्षांच्या घरी गेली. मी सोबत होतो. त्यांनी आम्हाला आत बोलावलं नाही. बोलणं ओट्यावर झालं. आत वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या दारातून दिसत होत्या.

"अण्णा, झेंड्याला माझी हरकत नाही," ती म्हणाली. "टोक तेवढं मोकळं पाहिजे. झेंडा फूटभर खाली घ्या."

"काय?"

"फूटभर खाली घ्या. गोळ्याच्या खाली बांधा. एवढंच."

अध्यक्ष उभे राहिले. "मॅडम, शब्द जपून वापरा. झेंडा खाली घ्या म्हणताय तुमी. तुमी. माझ्या दारात."

"खाली म्हणजे फूटभर. सुतळी सोडून..."

"मला 'खाली' म्हणजे काय ते शिकवू नका. ही गोष्ट कॉलनीतल्या पोरांच्या कानावर गेली तर मी जबाबदार न्हाय."

गोष्ट कानावर जायला वेळ लागला नाही. कॉलनीतली मुलं ओट्यासमोरून जा-ये करत होती. संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ आली: "आपल्या मोकळ्या जागेतला झेंडा खाली घ्यायची मागणी करण्यात आली आहे." करणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. गरज नव्हती. माझ्या व्यवसायात असं वाक्य लिहायला शिकवतात. कर्ता काढून टाकला की वाक्य कोणालाच चिकटत नाही आणि ज्याला चिकटायचं त्याला चिकटतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गेटापुढे फुटलेल्या बाटलीच्या काचा होत्या. बायकोने त्या झाडल्या आणि सुपात भरून ठेवल्या. "काचेची पण सावली पडते," ती म्हणाली. तिचा विनोद मला कळत होता. हसू आलं नाही.

मग दुसरी बाजू आली. बायकोच्या माहेरच्या वस्तीतले चार-पाच तरुण मोटारसायकलवरून आले. त्यांच्यातला पुढे झालेला तिचा विद्यार्थी होता. तो तिला अजून बाई म्हणायचा. त्याने पायातले बूट काढून आत येऊन तिला वाकून नमस्कार केला आणि मग म्हणाला, "बाई, खांब तुमचा ना?"

"हो."

"मंग प्रश्नच मिटला. जयंतीला आपला पण बांधतो. त्यांच्या वर."

"नाही बांधायचा."

"का?"

"टोक मोकळं पाहिजे मला. त्यांचाही नको आणि आपलाही नको. सावली घ्यायची आहे."

तो माझ्याकडे बघून हसला. मग त्याचा आवाज बदलला. "त्यांनी बांधला तवा टोक लागत न्हवतं व्हय? आमचं आलं की टोक पायजे?"

"मी त्यांनाही हेच म्हणाले."

"त्यांनी ऐकलं?"

"नाही."

"मंग आमीच का ऐकायचं? बाई, तुमी जुळे सोलापुरात राहायला आलात आणि आमाला इसरलात, हे वस्तीत सगळे बोलतेत. मी तुमची बाजू घेत हुतो. आता कशी घेऊ?"

"घेऊ नकोस. बस, पाणी पी."

पाणी त्याने घेतलं नाही. ज्याने शाळेत तिच्या हातून पाटी घेतली होती, तो तिच्या घरातलं पाणी न पिता गेला. आमच्या डब्यांचं काय होतं ते आम्हाला कळत नव्हतं. याचं कळलं.

बातमी पोलिसांपर्यंत गेली. जयंती जवळ आली होती आणि शहरात कुठेही खांबावरून भांडण होऊ द्यायचं नाही, असा त्यांचा हिशेब सरळ होता. सकाळीच एक निरीक्षक, चार शिपाई, महापालिकेची माणसं आणि गॅस कटर आलं. अध्यक्षांना बोलावलं गेलं. झेंडा सोडवून, घडी घालून, नव्या टॉवेलवर ठेवून त्यांच्या हाती देण्यात आला. त्यांनी तो डोक्याला लावला. मग निरीक्षकांनी विचारलं, "खांब कुणाचा?"

"माझा," बायको म्हणाली.

"घेऊन जावा."

"साहेब, आता टोक मोकळं झालं. मला पाच रविवार द्या. नंतर मीच काढते."

"बाई, मला एकच रविवार शांत द्या. बाकीचे सगळे तुमचे."

कटर सुरू झालं. पाइप बुडापासून कापला गेला. पडताना महापालिकेच्या दोघांनी तो धरला. गोळ्याला सुतळीचा एक वेढा तसाच लटकत होता. बुडाशी उरलेल्या पाइपच्या भोकात त्यांनी सिमेंट भरलं आणि थापीने सारखं केलं. आमच्या पुस्तकाच्या चिन्हावर सिमेंटचे शिंतोडे उडाले. बायकोने ते ओले असतानाच पदराने पुसले.

त्या दिवशी मी रजा टाकली, कारण ही बातमी माझ्या हातून जाणं बरोबर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर ती आली. शीर्षक होतं, "वादग्रस्त खांब हटवला". शेवटची ओळ होती, "परिसरात तणावपूर्ण शांतता आहे." या दोन शब्दांची जोडी मी आयुष्यात किती वेळा छापली असेल, सांगता येणार नाही. आपल्या दारासमोरच्या रस्त्याबद्दल ती पहिल्यांदाच वाचली.

"ही शांतता कशी असते?" बायकोने पेपर घडी करत विचारलं.

"अशीच," मी म्हणालो.

फरशीवर आकृती राहिली. खांबापासून निघून, दक्षिणेला जरा वळसा घेऊन, कंबरेतून वर सरकत, दूर खरवडलेल्या कणसापर्यंत गेलेली, तिथून वळून परत अर्ध्याअधिक वाटेपर्यंत आलेली. तिथे ती थांबली होती. पुढे खांबापर्यंत नुसती फरशी.

मेच्या सुरुवातीला कॉलनीच्या कमानीवर फ्लेक्स लागला. सावली महोत्सव. वर नगरसेवकांचा फोटो, खाली अध्यक्षांचा, त्याखाली समितीच्या सभासदांचे लहान फोटो. कार्यक्रमात रांगोळी स्पर्धा, विज्ञान प्रश्नमंजूषा, सेल्फी पॉइंट आणि मान्यवरांचे मनोगत. आमच्या घरी फोटो मागायला कोणी आलं नाही, निमंत्रणही आलं नाही. पन्ह्यासाठी कैऱ्या मात्र बायको आदल्या दिवशी घेऊन आली होती. सवयीने.

सावलीच्या दिवशी दुपारी ती बाहेर पडली तेव्हा मी मागोमाग गेलो. मोकळ्या जागेत मांडव होता, फरशीपुरती जागा उन्हात मोकळी ठेवली होती. लोकांनी आणलेले ग्लास, बरण्या, वरवंटे ओळीने मांडलेले होते. आणि फरशीवर आठ पूर्ण झालेला होता.

पेंटरने केलेलं काम स्वच्छ होतं. राहिलेल्या वाटेवर नवी चिन्हं काढलेली होती, एकसारख्या अंतरावर, एकसारख्या आकाराची. कमळ, दिवा, कलश, गाडी. प्रत्येक चिन्ह समितीच्या एकेका घराला दिलेलं होतं. बँकवाल्या गृहस्थांना शंख मिळाला होता. यातलं कोणीही कुठल्याही रविवारी तिथे आलेलं नव्हतं. कणीससुद्धा नव्याने काढलं होतं, वहिनींच्या कणसाच्या दुप्पट मोठं, दाणे न मोजता.

बायको वाकून एकेक चिन्ह बघत गेली. मग अध्यक्षांना म्हणाली, "हे कुठल्या दिवसाचं?"

"कुठल्या म्हणजे? राहिलेलं पुरं केलं की. बघा कसं झ्याक दिसतंय."

"खांब नव्हता त्या दिवशी सावली कुठून आली?"

"मॅडम, आज कार्यक्रम हाय. पाव्हणे आलेत. तुमाला मागं खुर्ची ठेवायला सांगतो."

ती घरी गेली. मला वाटलं, ती आता येणार नाही. ती आली ती थिनरची बाटली, तारेचा ब्रश आणि जुन्या चादरीचा तुकडा घेऊन. व्यासपीठावर नगरसेवक बोलत होते. विज्ञान आणि संस्कृती यांचा संगम आमच्या प्रभागात झाला, असं काहीतरी. ती शंखापाशी बसली, थिनर ओतलं आणि घासायला लागली.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग ब्रशचा आवाज माइकमध्ये येऊ लागला.

"अहो, शंख पुसतायत त्या!" कोणीतरी ओरडलं.

"काय चाललंय काय? बाई हाय का कोण!"

"धरा की कुणीतरी."

धरायला कोणी पुढे आलं नाही. साठी ओलांडलेल्या बाईच्या अंगाला हात कोण लावणार, हा एक प्रश्न होता. दुसरा, न बोललेला प्रश्न आमच्यातल्या बाईला आपला हात लागू द्यायचा का, हा होता. त्या दिवशी या दुसऱ्या प्रश्नाचा तिला उपयोग झाला. शंख गेला. दिवा गेला. कलशाला वेळ लागला, रंगाचे दोन हात होते. ती पुसत होती ते फक्त नवं. जुन्या कांडीला, माशाला, मोबाइलला, स्वतःच्या साध्या ठिपक्यांना तिने ब्रश लागू दिला नाही. मोठ्या कणसाखालचं पानाचं जुनं हिरवं टोक तिने बोटाने झाकून धरलं आणि भोवतीचं घासलं.

अध्यक्ष तिच्या डोक्याशी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उन्हाने की रागाने लाल झाला होता, ते मला सांगता येणार नाही.

"पुरा झालेला आठ तुमी मोडला, मॅडम. समद्या कॉलनीच्या देखत."

"पुरा झाला नव्हता, अण्णा," ती मान वर न करता म्हणाली. "पुरा केला होता."

"तुमाला मागं ऱ्हायचंच न्हाय का काय? दरवेळी तुमचंच खरं?"

"माझं नाही. सावलीचं."

"ह्या जागेत तुमचा परत कुठलाच कार्यक्रम हुणार न्हाय. लिहून ठेवा."

"नका होऊ देऊ."

शेवटचं कमळ खांबाच्या सिमेंटजवळ होतं. ते पुसून ती उठली. गुडघ्यांवर फरशीची पांढरी धूळ होती. आकृती पुन्हा एका बाजूने उघडी पडली होती. बायकांच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, फार मोठा नव्हता, पण गोंधळात माइक बंद केलेला असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आला.

"आता मराठी आठ दिसतोय की."

दोन-तीन बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. "आत हो तू," अध्यक्ष म्हणाले. वहिनी मांडवाच्या सावलीत सरकल्या, घरी गेल्या नाहीत.

बायकोने बाटलीचं झाकण लावलं आणि गर्दीतून चालू लागली. लोकांनी वाट दिली, नेहमीपेक्षा जास्त रुंद दिली. सूत्रसंचालकाने घसा साफ केला, माइक पुन्हा सुरू केला आणि कागदावरचं पुढचं वाक्य वाचलं, "तर मंडळी, ज्या क्षणाची आपण सगळे वाट पाहत होतो तो क्षण आला आहे. आता सर्वांनी खाली पाहावं!"

सर्वांनी खाली पाहिलं. सावली बुडाखाली जायची वेळ घासण्याच्या गडबडीत येऊन गेली होती. ओळीने मांडलेल्या ग्लासांच्या, बरण्यांच्या आणि वरवंट्यांच्या सावल्या पूर्वेच्या अंगाने बाहेर पडल्या होत्या. बोटभरच होत्या, पण होत्या. कोणी ओरडलं नाही. मग समितीतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.